गुंतलेली, गुंफलेली की विणलेली?

धागाकर्ती
आमच्या वाचनगटासाठी टूवे यानसन यांच्या 'रेन्त स्पेल' (१९८९) या स्वीडिश कादंबरीवर पानभर टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यात अडकले. हेलसिंकीत बंदराजवळच्या एका मोठ्या इमारतीच्या दोन टोकांना मारी आणि योन्ना राहतात. मारी लिहिते, चित्रं काढते, योन्ना चित्रकार. दोघींच्या मधे पोटमाळ्याचा लांबलचक बोळ. त्या बोळातून ये-जा करतात, सिनेमे बघतात, भांडतात, आणि आपापल्या टेबलाशी परत जातात. माझं वाक्य असं : 'दोन कलावंत स्त्रियांची एकमेकींत ------ आयुष्यं'. 'गुंतलेली' लिहून खोडलं, 'गुंफलेली' लिहून तेही खोडलं. काय लिहू? आणि 'कलावंत स्त्री'ला सुटसुटीत एक शब्द आहे का?

जुना वाचक
'गुंतलेली' खोडलंत ते बरं केलंत. गुंतणं आलं की मागोमाग सोडवणं आलंच. जीव गुंततो, पैसे गुंततात, पाय गुंततो. यातलं काहीच मजेत होत नाही. 'गुंफलेली'ची अडचण वेगळी. फुलं स्वतःहून गुंफली जात नाहीत, सुई-दोरा तिसऱ्याच कोणाच्या हातात असतो. म्हणून कथानकाची गुंफण म्हणा, ती लेखिकेची. त्या दोघींना मात्र कोणी ओवलेलं नाही.

कोकणातली सून
एका शब्दाच्या हौसेपायी 'कलावंतीण' लिहू नका हो! 'कलावंत'ला 'ईण' लागला की अर्थ थेट पेशवाईतल्या नाचगाण्याच्या बैठकीत जाऊन बसतो. गोव्यात देवळांच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांसाठीही तो शब्द होता, आणि त्याच्याबरोबर लोकांची नजरही होती. सासूबाई शिकलेल्या, संगीतातल्या. पण हा शब्द कानावर पडला की अजून ओठ मुडपतात. 'लेखिका', 'गायिका', 'कवयित्री' निभावून गेल्या. चित्रकाराचं बाईरूप काही रुळलं नाही, 'चित्रकर्ती' छापलेलंच दिसतं. बोलताना आपण 'ती चित्रकार आहे' म्हणतो, त्यात काही अडत नाही.

स्टॉकहोमची मुंबईकर
इथेही तेच झालं. चित्रकाराला 'कोन्स्टनेर', आणि बाई असेल तर पूर्वी 'कोन्स्टनेरिन्ना'. आज हा 'इन्ना' लावला तर फुलदाण्या रंगवणारी हौशी बाई म्हणाल्यासारखं वाटतं. उलट परिचारिकेचा स्वीडिश शब्द बाईचाच आहे, पण तेच काम करणाऱ्या पुरुषालाही तोच बिनदिक्कत चालतो.
जाता जाता : पोटमाळ्याला स्वीडिशमध्ये 'विन्द' म्हणतात, आणि वाऱ्यालाही 'विन्द'च. त्या दोघींच्या मधे एकाच शब्दात माळाही आहे आणि वाराही.

जुना वाचक
वा! मग आपला 'माळा' काय कमी आहे? मुंबईत तिसरा माळा, घरात पोटमाळा, आणि फुलांच्या गुंफलेल्या त्याही माळाच.

येवलेकर
'विणलेली' कोणी सुचवेना म्हणून लिहितो. आमच्या घरात पैठणीचा माग आहे. पदरावरचा मोर करताना प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या काडीवर गुंडाळलेला असतो. हिरवा आपल्या हद्दीपर्यंत येतो, शेजारच्या लालाला अडकतो आणि आपल्याच बाजूला परत फिरतो. लाल लालच, हिरवा हिरवाच, पण मधे फट राहत नाही. याला आम्ही कडी घालणं म्हणतो. तुमच्या दोघींचं तसंच दिसतंय.

धागाकर्ती
येवलेकर, हे फारच जवळ आलं. सुरुवातीलाच योन्ना मारीच्या घरी येऊन भिंतीवरची सगळी चित्रं काढते आणि नव्याने टांगते. नको त्या वस्तू बाजूला, जिव्हाळ्याच्या पण सुमार चित्रांना निरोप. दुसऱ्याच्या भिंतीला असा हात घालायचा अधिकार लागतो. पण काम झालं की आपल्या घरी परत!

तिपेडी
दोरीचे पेड कसे वाटतात? 'दुपेडी आयुष्यं'. पीळ बसला तरी पेड मोजता येतात.

जुना वाचक
पीळ म्हटला की मला सुंभ आठवतो. तो जळतो, पीळ जात नाही. टिपणाचं हसं होईल.

स्टॉकहोमची मुंबईकर
शीर्षकाचं काय करताय? 'रेन' म्हणजे स्वच्छ, 'रेन्त' हे त्याचंच रूप. 'स्पेल' म्हणजे खेळ, पण त्यात वाजवणं आणि जुगारही आला. 'पिशवीत स्वच्छ पीठ असणं' म्हणजे लपवण्यासारखं काही नसणं, असा इथला वाक्प्रचार आहे. आपलं 'कर नाही त्याला डर कशाला' त्याच्या आसपास जातं.

कोकणातली सून
'खिलाडूवृत्ती' नको, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं भाषण वाटतं. 'डाव' घ्यावा तर 'डाव साधला'चा कपटी वास येतो. पण अंगणात आपण काय ओरडायचो? 'रडीचा डाव!' मग हा 'बिनरडीचा डाव'.

धागाकर्ती
शेवटही बिनरडीचाच आहे. योन्नाला पॅरिसमध्ये वर्षभर काम करायला जागा मिळते, पण एकटीलाच. ती हे सांगायला कचरते. मारीला आधी धक्का बसतो, आणि मग आपल्याही वाट्याला वर्षभराचं एकटेपण येणार म्हणून आतून चक्क बरं वाटू लागतं. 'गुंतलेली' म्हटलं असतं तर हा आनंद बेइमानी ठरला असता.
वाक्य आता असं केलंय : 'एका लेखिकेची आणि एका चित्रकाराची, एकमेकींना कडी घालून आपापल्या बाजूला परत फिरणारी आयुष्यं.' लांबलंय, माहीत आहे. येवलेकर, 'कडी घालणं' वाचून शहरातल्या माणसाला दार लावून घेतल्यासारखं वाटेल का?

येवलेकर
वाटू दे की. त्या दोघी दार लावूनच काम करत असतील ना?