मदत हवी आहे: टॅन फलाच्या आलेखात उमटणारी खोटी उभी रेष

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मी पायथनमध्ये, पायक्यूटीच्या (विंडो बनवणारी लायब्ररी) विंडोत मॅटप्लॉटलिबचा (आलेख काढणारी लायब्ररी) कॅनव्हास बसवून, आलेख काढणारे डेस्कटॉप अ‍ॅप तयार करत आहे. विद्यार्थ्याने टाइप केलेल्या फलाच्या किमती नमपाय या गणिती लायब्ररीने −१० ते १० (रेडियन) या पल्ल्यातील १००० बिंदूंवर काढून ते बिंदू क्रमाने जोडले जातात. मात्र य = टॅन क्ष घेतल्यास ९० अंशांच्या (म्हणजे सुमारे १.५७ रेडियनच्या) डावीकडचा मोठा धन बिंदू उजवीकडच्या मोठ्या ऋण बिंदूला जोडला जातो आणि जिथे फलाला किंमतच नाही तिथे उभी रेष उमटते. नवशिक्या विद्यार्थ्याला ती आलेखाचाच भाग वाटेल, म्हणून ती राहू देणे मला पटत नाही.

बिंदू वाढवल्याने रेष फक्त अधिक उभी होते. ५० पलीकडच्या किमती नॅन (‘संख्या नाही’ अशी खूण, जिथे रेष तुटते) केल्यास टॅन सुधारतो, पण क्षचा घन मध्येच कापला जातो. सिमपाय या बीजगणिती लायब्ररीकडून खंडित बिंदू (जिथे आलेख तुटतो) काढून घेतले, तर झूम करताना अ‍ॅप अडखळते. अ‍ॅप जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालायला हवे. लायब्ररी बदलता येणार नाही.

लगतच्या दोन बिंदूंमधले अंतर निम्मे-निम्मे करत गेल्यावर किमतींतील फरक घटतो की वाढतो, यावरून खरा खंड आणि केवळ तीव्र चढ यांत भेद करावा असा विचार आहे. तसे केल्यास किती पायऱ्यांनंतर थांबावे आणि कोणती कसोटी लावावी?