माघात मुरबाडला थंडी किती? म्हसा यात्रा मिळेल का?

घोडबंदरकर: महाशिवरात्रीच्या आसपास आईला घेऊन मुरबाडला मामाकडे जायचंय. ठाण्यात तर आत्ताच पंखा लागलाय. तिकडे स्वेटर लागतील का? आणि आईला म्हशाच्या जत्रेतली घोंगडी हवीय.

मुरबाडवाली: दादा, म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, तोवर बैलबाजार कधीच उठलेला असतो. घोंगडीसाठी पुढच्या वर्षी या.

थंडीचं म्हणाल तर इथे खाडी नाही, समुद्र लांब, त्यामुळे रात्री जमीन भराभर गार पडते. पहाटे अंगणात बोलताना तोंडातून वाफ निघते आणि दुपारी दोनला डोकं तापतं. आईंना स्वेटर नि कानटोपी घ्याच. सकाळी धुकं आणि वर आभाळ आलं की आमचे बाबा आंब्याखाली जाऊन मोहोर उलटापालटा करून तुडतुडे (मोहोरावरची कीड) शोधतात, चहाही तिथेच मागवतात! भात निघालेल्या शेतात वाल असतो, नुसत्या उरलेल्या ओलीवर येतो. शेंगा मिळाल्या तर सोडू नका.

टिटवाळा_लोकल: मुरबाडला रेल्वे नाही हं. कल्याणला उतरून एसटी धरा. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराकडे मात्र गाडी नेऊ नका, तुफान गर्दी असते. देऊळ 1060 सालचं आहे, दुसऱ्या दिवशी निवांत बघा.

घोडबंदरकर: बरं झालं विचारलं. ताई, वाल सोललेला मिळतो की शेंगाच?

मुरबाडवाली: शेंगाच. सोलायला मामींना बसवा.