शॉर्टकट अक्षरावर बांधायचा की कळीच्या जागेवर?

कळफलक:
कळ दाबली की ब्राउझर दोन गोष्टी कळवतो: ‘इव्हेंट.की’मध्ये उमटणारं अक्षर आणि ‘इव्हेंट.कोड’मध्ये कळीची जागा. माझं मत ठाम आहे, शॉर्टकटसाठी जागाच बघा. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण लेआउट, चालू असताना ‘के’च्या कळीवर क येतो, ‘जे’वर र आणि तिरप्या रेघेच्या कळीवर य. कितीतरी साइटवर तिरपी रेघ दाबली की कर्सर शोधपेटीत जातो, ‘जे’ आणि ‘के’ने यादीत वरखाली होता येतं. इनस्क्रिप्टवाल्याला यातलं काहीच चालत नाही, कारण साइट अक्षराची वाट बघत बसते. मग लेआउट बदला, शॉर्टकट मारा, परत मराठीवर या. दिवसभर मराठीत काम करणाऱ्यावर ही सक्ती का?

रात्रपाळी:
साफ असहमत. ‘कोड’मधली नावं अमेरिकी कळफलकाच्या जागांची आहेत. जर्मन कळफलकावर वाय आणि झेडच्या जागा उलट असतात. तुम्ही जागेवरून ‘अनडू’ (केलेलं मागे घेणं) बांधलंत, तर जर्मन माणूस कंट्रोलसह झेड छापलेली कळ दाबेल आणि तुमचा प्रोग्रॅम तिला वाय समजेल. बऱ्याच ठिकाणी ते ‘रीडू’ (मागे घेतलेलं परत आणणं) असतं, म्हणजे नेमकं उलट काम! फ्रेंच कळफलकावर ए आणि क्यूची तीच गत. गेममध्ये हालचालीच्या डब्ल्यू-ए-एस-डी या कळी जागेवरून घ्या, तिथे बोटांची ठेवण महत्त्वाची. बाकी सगळीकडे माणूस कळीवर छापलेलं बघून दाबतो.

कळफलक:
इनस्क्रिप्टवाल्याच्या कळीवरही बहुतेकदा इंग्रजी अक्षरच छापलेलं असतं, तो तेच बघून दाबतो. तुमचा नियम त्यालाच लागू होत नाही.

दुहेरी:
मग दोन्ही बघा ना. ‘की’मध्ये रोमन अक्षर आलं तर तेच धरा, देवनागरी किंवा रशियन आलं तरच जागेवर जा. जर्मन माणसाचा झेड शाबूत, आपला क पण शाबूत. विरामचिन्हांना मात्र हे पुरत नाही. हिब्रू लेआउटमध्ये तिरपी रेघ क्यूच्या कळीवर आहे, तिथे जागा बघितली तर भलतीच कळ लागते.

बिलवही:
शॉर्टकट चालला नाही तर माउस आहे. शॉर्टकटमुळे अक्षरच उमटलं नाही तर माणसाने काय करायचं? विंडोजच्या भारतीय इंग्रजी लेआउटमध्ये उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतो. विंडोज या उजव्या ऑल्टला कंट्रोल-ऑल्ट समजतं. संपादकात कंट्रोल-ऑल्ट-४ला ‘शीर्षक ४’ बांधलेलं असेल, तर बिल लिहिताना रुपयाचं चिन्ह गायब आणि त्या ओळीचं शीर्षक. मीडियम या लेखनाच्या साइटवर असाच घोळ झाला होता आणि २०१५मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. ब्राउझरची सेव्हची खिडकी उघडू नये म्हणून कंट्रोल-एस अडवलं होतं, त्यात पोलिश लोकांचं एसवर तिरपी खूण असलेलं अक्षर अडकलं, कारण ते उजवा ऑल्ट आणि एसने येतं. कळ अडवण्याआधी ‘ऑल्टग्राफ’, म्हणजे हाच उजवा ऑल्ट, दाबलेलं आहे का ते तपासा.

अंगठेबहाद्दर:
फोनचं काय? अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये बहुतेक कळींना कीकोड (कळीचा जुना आकडी क्रमांक) २२९ येतो, ‘की’मध्ये ‘अनआयडेंटिफाइड’. तिथे अक्षरही नाही, जागाही नाही. तरी लोक अजून ‘कीडाउन’ या कळ दाबल्याच्या इव्हेंटवर अक्षरं गाळत बसतात. मजकूर हवा असेल तर तो बदलण्याआधी येणारा ‘बिफोरइनपुट’ आणि बदलल्यावर येणारा ‘इनपुट’ ऐका.

रात्रपाळी:
आणि कीकोड कायमचा सोडा. तो कालबाह्य ठरलाय. फायरफॉक्स अर्धविरामाला ५९ म्हणतो, क्रोम १८६.

अंगठेबहाद्दर:
सोडता येत नाही. जपानीत उच्चार टाइप करून शब्द निवडतात आणि तो पक्का करायला एंटर मारतात. शब्द अजून जुळतोय का हे ‘इजकंपोझिंग’ सांगतं, पण सफारी आधी जुळणी संपवते आणि मग एंटर कळवते. तेव्हा हाती उरतो तो २२९च. तो तपासला नाही तर चॅटमध्ये अर्धवट निरोप जातो.

सुगम्य:
शॉर्टकट वापरणाऱ्यालाच बदलू द्या. वेब सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं असलेल्या डब्ल्यूसीएजी २.१मध्ये २०१८पासून ही अट आहे, तीही प्राथमिक ‘ए’ पातळीवर: एका अक्षराचा शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा किंवा त्या घटकावर फोकस असतानाच चालावा. बोलून टाइप करणाऱ्यांचे शब्द शॉर्टकट म्हणून धावू नयेत, हे त्यामागचं मोठं कारण.

कळफलक:
अट योग्यच आहे, ती पाळाच. पण त्यावर भागवू नका. सेटिंग शोधायचं काम दरवेळी मराठीवाल्याच्याच गळ्यात पडतं. दुहेरी म्हणतात तसं आधी अक्षर, मग जागा हे मला पटतं. रिलीजआधी इनस्क्रिप्ट, जर्मन लेआउट आणि एक अँड्रॉइड फोन एवढ्यांवर तरी चाचणी झालीच पाहिजे.