‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकललं की रद्द केलं?

चोपडा: परप्रांतातल्या व्यापाऱ्याचा मेसेज आहे, ‘द ऑक्शन हॅज बीन पुट ऑफ’. लिलाव रद्द समजायचा का? केळी कापायला मजूर सांगून ठेवलेत.

जळगाव: रद्द नाही भाऊ, लांबणीवर. रद्द झाला असता तर ‘कॉल्ड ऑफ’ आलं असतं. पुढची तारीख ठरली असेल तर ‘टिल’ लावून येते, ‘पुट ऑफ टिल मंडे’. ‘पुट ऑफ बाय अ वीक’ म्हणजे आठवडाभर पुढे. तुमच्या मेसेजात दोन्ही नाही, म्हणून आधी तारीख विचारा, मग विळा लावा. कापलेला घड थांबत नाही.

धुळे: अर्थ कळतो, वाक्य करताना घोळ होतो. नाम मध्येही चालतं, शेवटीही: ‘पुट द सोइंग ऑफ’, ‘पुट ऑफ द सोइंग’. पण ‘इट’, ‘देम’ मध्येच हवं. ‘पुट ऑफ इट’ चूक. पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतं. बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून मे महिन्यात कापूस लावू नका सांगतात, ते ‘पुट ऑफ सोइंग कॉटन टिल जून’. इथे ‘पुट ऑफ टु सो’ लिहिणारे फार. ‘पेरायचं लांबवलं’ डोक्यात असतं ना. आणि भूतकाळातही ‘पुट’च, ‘पुटेड’ नाही.

भुसावळ: कर्म माणूस असला की अर्थ फिरतो, तो भाग राहिला. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासाने खायची इच्छाच गेली. मात्र ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ म्हणजे उधारी मागायला गेलं की आज या, उद्या या करत टोलवतो. कर्ता कोण ते बघा: वास, भाव, बोलणं असेल तर बहुधा मन उडालं; माणूस असेल तर बहुधा टोलवाटोलवी. बहुधाच म्हणतो, कारण एखाद्याच्या वागण्यानेही मन उडतं. तसल्या वागण्याला ‘ऑफ-पुटिंग’ म्हणतात.

चोपडा: मग लिलाव अलीकडे घेतला तर ‘प्रीपोन’ना?

नंदुरबार: आपल्याकडे चालतं, ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, पण भारताबाहेर अनेकांना कळत नाही. त्यांना ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहा. ‘पुट बॅक’ला मात्र जपा नाना. मीटिंग ‘पुट बॅक’ केली तर उशिरा होते, घड्याळ ‘पुट बॅक’ केलं तर काटे मागे जातात.