मदत हवी आहे : कोंढाळीकडच्या जुन्या संत्रा बागेपर्यंत पायी जायची वाट

पायपीट_नागपूर
रविवारी पहाटे निघतोय, त्यामुळे जरा लवकर सांगा. कोंढाळीच्या पुढे टेकडीमागे ती सोडून दिलेली संत्रा बाग आहे ना, तिथे चालत जायचंय. नाल्यापर्यंतची वाट माहीत आहे. पुढे डावीकडून जायचं की उजवीकडून? मागच्या वेळी रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीत अडकलो आणि ऊन चढल्यावर परत फिरलो. गूगल मॅपवर तिथे नुसता हिरवा रंग दिसतो.

बाजारगावचा_भाऊ
कोणती बाग? कोंढाळी ते काटोल सोडलेल्या बागा काय एक आहे का? पाणी आटलं की लोकं बोअर मारतात, तेही कोरडे गेले की बाग सोडतात. गाव तरी सांगा.

पायपीट_नागपूर
अहो तीच, विहिरीला मोटेची दगडी धाव (बैलांचा उतार) आहे ती. तिकडे कोणालाही विचारलं तरी दाखवतात.

बाजारगावचा_भाऊ
मंग तिकडंच विचारा ना भाऊ. इथं काहून विचारून राहिले?

गडमंदिर
ट्रेकच करायचा असेल तर रामटेकला जा. अंबाळा तलावापासून पायऱ्यांनी वर चढा, दर्शन होतं, वरून नजारा दिसतो, खाली उतरल्यावर चहाही मिळतो. सोडलेल्या बागेत काय बघणार, वाळक्या काड्या?

पायपीट_नागपूर
रामटेक विचारलंच नाहीये. डावीकडून की उजवीकडून, एवढंच सांगा.

नकाशेवाला
गूगल मॅप नको, गूगल अर्थ संगणकावर उघडा आणि जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं मागे मागे नेत बघा. संत्र्याची लागवड साधारण 6 बाय 6 मीटरवर असते, त्यामुळे झाडं मेली तरी बुंध्याभोवतीच्या गोल आळ्यांच्या ठिपक्यांची रांगोळी वरून ओळखू येते. उन्हाळ्यातलं चित्र निवडा, पावसाळ्यातल्यात सगळं सारखंच हिरवं दिसतं. विहीर काळा गोल ठिपका म्हणून दिसेल. पण गावाचं नाव दिल्याशिवाय मीही शोधू शकत नाही. गट नंबर असेल तर उत्तमच.

रोही
वाटेचं राहू द्या, आधी दोन गोष्टी ऐका. तो पट्टा बोर व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे आणि वाघाची ये-जा असते, म्हणून पहाटे अंधारात जायचंच नाही. दुसरं म्हणजे जुन्या विहिरीला कठडा नसतो आणि काठावर रायमुनिया माजलेली असते. पाय टाकेपर्यंत कळत नाही. काठी पुढे आपटत चला.

बाजारगावचा_भाऊ
वाघापेक्षा तारेला भ्या. डुकरासाठी काही जण धुऱ्यावर, म्हंजे शेताच्या बांधावर, लाईनचा करंट सोडतात. झटका मशीन वेगळं, त्यानं नुसता दणका बसते. लाईनच्या करंटनं माणूस जागीच जाते. जमिनीपासून वीतभर उंचीवर तार दिसली की वलांडू नका, शेतकऱ्याला हाक मारा.

रोही
असा करंट सोडणं बेकायदेशीर आहे.

बाजारगावचा_भाऊ
हाओ, पन तारेले कायदा वाचता येत नाही ना.

धंतोली_काका
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नागपुरात संत्रा आणण्याचं श्रेय रघुजी भोसल्यांना देतात. औरंगाबादहून रोपं आणून वाड्याच्या बागेत लावली, तिथून ती गावोगाव पसरली असं सांगतात. 2014 मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आजच्या मुलांना हे माहीत असायला हवं.

पायपीट_नागपूर
काका, मला 2014 नको, नाल्यापुढची वाट हवी आहे. ही बाग माझ्या आईच्या मामांची होती. विकून बरीच वर्षं झाली. आईच्या म्हणण्याप्रमाणे विहिरीजवळच्या एका झाडाची फळं फार गोड होती आणि साल नुसती बोटानं सुटायची. ते झाड अजून हिरवं आहे असं तिकडचा एक गुराखी म्हणाला. त्याची डोळकाडी (कलमासाठी डोळे असलेली काडी) आणून गच्चीवर कुंडीत कलम करायचंय.

नकाशेवाला
हे आधी सांगायचं ना! आम्ही ट्रेकचा धागा समजून बसलो.

आंबिया_मृग
काडी कापण्याआधी थांबा. आपल्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लाईमच्या, म्हणजे आंबट लिंबूवर्गीय झाडाच्या, खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) भरलेला असतो. सोडलेल्या बागेत पाणी नाही, सल (वाळक्या फांद्या) काढलेली नाही, डिंक्या रोगानं बुंधा सडलेला, त्यामुळे वरचं गोड संत्रं मरतं आणि खालून खुंटाचे पानसोट (जोमदार फुटवे) फुटून झाड डेरेदार होतं. लांबून ते हिरवंगार दिसतं. गुराख्यानं बहुतेक तेच पाहिलंय. ओळखायचं असेल तर पान चुरगाळून वास घ्या. लिंबासारखा झणझणीत आला तर जंबेरी. तिच्या कळ्यांवर जांभळट झाक असते, संत्र्याचं फूल पांढरंशुभ्र. जंबेरीचं फळ खडबडीत सालीचं, पिवळं, आंबट आणि बियांनी गच्च. आणि मुख्य म्हणजे फांदी कुठून निघाली ते माती बाजूला करून बघा, कलमाच्या गाठीच्या खालून की वरून.

गच्चीवरची_शेती
कलमबिलम कशाला, बी लावा. संत्र्याचं बी बहुतेक वेळा आईसारखंच झाड देतं.

आंबिया_मृग
देतं, पण फळ यायला पाच-सात वर्षं सहज जातात आणि काटे एवढे की गच्चीत वावरता येणार नाही.

गच्चीवरची_शेती
माझ्याकडे आहे बियांचं झाड. वास बघा कसा दरवळतो!

आंबिया_मृग
फळ आलं का?

गच्चीवरची_शेती
येईल.

आंबिया_मृग
बरं. धागाकर्त्यांसाठी : जुन्या झाडात ग्रीनिंग रोग किंवा विषाणू असेल तर तो काडीबरोबरच घरी येतो. पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळे डाग वेगवेगळे दिसत असतील तर काडी घेऊ नका. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय संशोधन संस्था आहे, तिथे पानं दाखवून आधी विचारा. निरोगी निघालं तर पेन्सिलीएवढी जाड, गोलसर काडी घ्या, पानं कापा पण देठ राहू द्या, ओल्या फडक्यात गुंडाळा. डोळा भरायला थंडीचे दिवसच बरे, म्हणजे वेळ चुकलेली नाही. जंबेरीचं रोप शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत मिळेल.

रोही
आणि सध्याच्या मालकाला विचारलंय का? पडीक दिसली तरी जमीन कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते.

पायपीट_नागपूर
मालक नागपुरातच राहतात. फोन झालाय, ‘काय न्यायचं ते न्या’ म्हणाले. नकाशेवाला, गाव आणि गट नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय.

नकाशेवाला
सापडली. नाला ओलांडल्यावर डावीकडे जी पांधण (शेतातली गाडीवाट) दिसते ती टेकडीखाली रायमुनियातच संपते, तुम्ही तिथेच अडकला असणार. उजवीकडच्या तुरीच्या धुऱ्यानं जा. पुढे विहिरीकडून येणारा जुना पाण्याचा पाट चित्रात सरळ रेघेसारखा दिसतो, तो उजव्या हाताला ठेवून चाला.

बाजारगावचा_भाऊ
तूर उभी आहे, धुरा सोडून आत शिरू नका. आणि त्या गुराख्यालेच सोबत घ्या, त्याले विहीर कुठं आहे ते ठाऊक राहते.

पायपीट_नागपूर
त्याचा फोन लागत नाहीये, शनिवारी गावात जाऊन गाठतो. धन्यवाद मंडळी.

धरमपेठ_ताई
जंबेरीच निघाली तर फळं टाकू नका, लोणच्याला चालतात. बिया मात्र सगळ्या काढायच्या, नाहीतर कडू होतं.

गडमंदिर
रामटेकचं काय मग?