फिश फाइंडर घेऊ का? (सोसायटी ग्रुप, शुक्रवार रात्र)

निखिल, बी-४०२ (९:०४)
मंडळी, विषयांतराबद्दल आधीच माफी. गेले तीन रविवार मार्व्याच्या खडपावर गळ टाकून बसतोय, एकदा मनोरीच्या खाडीत होडीनेही गेलो. एकूण कमाई दोन शिंगाळे आणि भाजलेली मान. आता फिश फाइंडर घ्यावा म्हणतो. दोन प्रकार बघितलेत. एक चेंडूसारखा, रॉडने पाण्यात फेकायचा, चित्र मोबाइलवर येतं. दुसरा होडीला लावायचा, स्क्रीन-वायरवाला. बजेट २५ हजार. कुणी वापरलाय का?

मंजिरी, बी-४०२ (९:०५)
बजेट किती?

निखिल, बी-४०२ (९:०५)
१५.

सावंत, सेक्रेटरी (९:०९)
हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या ११ ते २ पाणी बंद राहील, गच्चीवरच्या टाकीचा लेव्हल सेन्सर बदलायचा आहे. कृपया नोंद घ्यावी.

देशपांडे काका, सी-७०१ (९:१४)
सावंत, तुमचा तो सेन्सर आणि निखिलचं यंत्र म्हणजे सख्खे चुलतभाऊ आहेत. सेन्सर झाकणाखालून आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून पातळी कळते. हे यंत्रही तेच करतं, फक्त पाण्याच्या आत. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात १५०० च्या आसपास. १० मीटर खोल तळावरून आवाज परत यायला जेमतेम १३ मिलिसेकंद लागतात. आमच्या जहाजांवर एको साउंडर असायचा तो हाच. मासे शोधायला त्याचा पहिला धंदेवाईक उपयोग जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली केला. म्हणजे निखिल, तू ७५ वर्षं उशिरा जागा झालास.

निखिल, बी-४०२ (९:१६)
😀 काका, मग घ्यायचा कुठला? जाहिरातीत ५०, ८३, २००, ४५५, ८०० किलोहर्ट्झ असे आकडे आहेत. जितका मोठा तितका चांगला ना?

देशपांडे काका, सी-७०१ (९:२३)
नाही, हे आकडे आवाजाच्या कंपनांचे. मोठा आकडा म्हणजे बारीक नजर, पण आखूड. २०० किलोहर्ट्झला पाण्यातली एक लाट साडेसात मिलिमीटरची होते, ५० ला तीन सेंटिमीटरची. म्हणून २०० ला बारकावे दिसतात, पण आवाज लवकर विरतो. ५० खोल जातं, पण चित्र भरड येतं. ४५५ आणि ८०० वर खालचं किंवा बाजूचं फोटोसारखं चित्र मिळतं, ते त्याहून कमी खोलीत. तू जातोस ती खाडी किती खोल? बारा-पंधरा मीटरच्या वर तू कधी गेला नसशील. तुला २०० पुरे. ‘चर्प’ लिहिलेलं असेल तर उत्तम, त्यात एकाच सुराऐवजी खालून वर चढत जाणारा सूर सोडतात, त्यामुळे जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात.

शेट्ये, ए-६०४ (९:३१)
निखिल, मी दोन्ही वापरलेत म्हणून सांगतो. चेंडू खडपावरून वापरू नकोस. माझा वरळीला गेला. फेकला झकास, चित्र आलं झकास, परत ओढताना लाटेने उचलून कातळावर आपटला. दोष चेंडूचा नाही, माझा. तो साधारण शंभर ग्रॅमचा, तुझ्या ल्युअरच्या (नकली आमिषाच्या) रॉडवर लावलास तर फेकतानाच दोरी तुटेल. वेगळा जाड रॉड आणि जाड ब्रेडेड लाइन हवी. म्हणजे खडपावर दोन रॉड, एक मोबाइल आणि आपले दोनच हात.

दुसरं म्हणजे तो दाखवतो किती? आवाजाच्या शंकूचा कोन २० अंशांचा असेल तर तीन मीटर पाण्यात तळाचा एक मीटरचा गोल. बस, एका जेवणाच्या ताटाभोवती बसण्याइतकी जागा. पलीकडे जिताडा नाचत असला तरी तुला पत्ता नाही.

निखिल, बी-४०२ (९:३३)
अरे बापरे. मग लोक घेतात कशाला?

शेट्ये, ए-६०४ (९:३६)
तळ्यासाठी. स्थिर पाणी, काठावर माती. पवईला असोसिएशनचे मेंबर असशील तर कटला-रोहूसाठी कामाचा, आधी त्यांना विचारून घे. आणि तिथे पाण्यात उतरून चेंडू काढायला जाऊ नकोस, मगरी आहेत.

मंजिरी, बी-४०२ (९:३७)
मगरींचं मला आत्ता कळतंय.

हेमाताई, ए-१०३ (९:४५)
निखिल, मी मढची, माझ्या भावाची होडी आहे, तर दोन शब्द ऐक. त्या स्क्रीनवर मासा दिसतो असं सगळे म्हणतात ना, तो मासा नसतोच. आमच्यात घोळीच्या पोटातली ती पांढरी पिशवी असते ना, बोत, जी सोन्याच्या भावाने जाते, ती दिसते. हवेची पिशवी. मांस तर पाण्यासारखंच, आवाज त्यातून निघून जातो. हवा लागली की परत फिरतो. म्हणून घोळ, ढोमा, शिंगाळा ठळक उमटतो आणि मुशी अंधुक, कारण मुशीला बोत नाही. भावाच्या स्क्रीनवर घोळीचा थवा मी बघितलाय, केशरी भात सांडल्यासारखा दिसतो.

देशपांडे काका, सी-७०१ (९:४८)
हेमा, अगदी बरोबर. स्क्रीनवर कमान का दिसते तेही त्यातच आहे. मासा आवाजाच्या शंकूत कडेने शिरतो तेव्हा अंतर जास्त, मधोमध आला की सर्वांत कमी, बाहेर पडताना पुन्हा जास्त. म्हणून धनुष्य. होडी आणि मासा दोघेही थांबलेले असतील तर सरळ रेघ येते, कमान नाही. आणि स्क्रीनची उजवी कड म्हणजे आत्ता, बाकी सगळा इतिहास. डावीकडे दिसलेल्या माशावर लोक गळ टाकतात, तो कधीच मागे पडलेला असतो.

शेट्ये, ए-६०४ (९:५१)
आणि ते माशाचं छोटं चिन्ह दाखवणारं सेटिंग पहिल्या दिवशीच बंद कर. माझ्याकडे एक स्वस्तातला होता, नाव नको. वसईच्या खाडीत त्याने अर्ध्या तासात चाळीस मासे दाखवले. जाळ्याने चाचपलं तर चाळीसच्या चाळीस प्लास्टिकच्या पिशव्या, आत हवा अडकलेल्या. यंत्राचं काय चुकलं? त्याला हवा दिसली, त्याने मासा काढला.

रुचा, सी-३०२ (९:५२)
मुंबईत मग तो प्लास्टिक फाइंडरच 😂

सावंत, सेक्रेटरी (९:५४)
सर्वांना विनंती, ग्रुपचे पावित्र्य राखा. (हेमाताई, घोळ आत्ता काय भावाने आहे?)

हेमाताई, ए-१०३ (९:५५)
सावंत, तुम्हाला भाव सांगून काय उपयोग, तुम्ही बोंबलाच्या पुढे जात नाही.

निखिल, बी-४०२ (१०:०१)
म्हणजे मासे कळत नाहीत, तर पैसे कशाला घालायचे?

शेट्ये, ए-६०४ (१०:१०)
तळासाठी! हेच कुणी सांगत नाही. कठीण तळ म्हणजे जाड, भडक रेघ, कधीकधी तिच्याखाली दुपटीच्या खोलीवर तीच रेघ पुन्हा. चिखल म्हणजे पातळ, फिकी रेघ. आपल्या खाड्यांत मैलभर चिखल आणि मध्येच एखादा कातळ किंवा बुडालेला खांब. तांबोशी, हेकरू त्या कातळाला धरून असतात, जिताडा खांबाच्या आडोशाला दबा धरून. तो कातळ सापडला की जीपीएसवर खूण कर. एकदा केलीस की पुढची दहा वर्षं तुझी. म्हणून माझं मत: होडीवाला घे, चार-पाच इंची स्क्रीन, चर्प, २०० सोबत ७७ किंवा ८३ असेल तर बरं, आणि जीपीएस खूण करणारा हवाच. गार्मिन, लोरन्स, हमिनबर्ड यांच्या साध्या मॉडेलांत हे सगळं मिळतं. बाजूचं चित्र दाखवणारा महागडा घेऊ नकोस, स्वतःची होडी असेल तेव्हा बघू. दुकानदाराला आधी एवढंच विचार, दुरुस्ती भारतात होते का.

मंजिरी, बी-४०२ (१०:११)
स्वतःची होडी?

निखिल, बी-४०२ (१०:११)
दादा, हळू 🙏
पण माझी होडी भाड्याची असते. तिला भोक कोण पाडू देईल?

हेमाताई, ए-१०३ (१०:१६)
भोक कशाला? फायबरच्या होडीला लोक आतूनच ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा तुकडा) चिकटवतात, पण लाकडी होडीला तसं चालत नाही, लाकूड आवाज खातं. माझा भाऊ बांबूच्या टोकाला बांधतो, बांबू काठाला शिकंजाने आवळतो, टोक पाण्यात हातभर. इंजिनापासून लांब ठेव, फेसाचे बुडबुडे आले की स्क्रीनवर नुसता धूर दिसतो. संध्याकाळी काढून गोड्या पाण्याने धुवायचं, खारट सुकू द्यायचं नाही.

देशपांडे काका, सी-७०१ (१०:१९)
बॅटरीसाठी घरच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची चालेल. छोटं यंत्र अर्ध्या अँपिअरच्याही आत खातं, दिवस निघून जातो. फक्त ती डब्यात नीट बंद कर. आणि फ्यूज लाव. फ्यूज विसरू नकोस.

हेमाताई, ए-१०३ (१०:२६)
अजून एक. खोलीचा आकडा लिहिशील तेव्हा शेजारी वेळ आणि तिथी लिही. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. सकाळी तीन मीटर दाखवलेल्या जागी दुपारी चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतील. माझे वडील यंत्राशिवाय, दोरीला शिसं बांधून सोडायचे आणि खोली वावांत मोजायचे, पण तिथी विचारल्याशिवाय आकडा कधी सांगायचे नाहीत.

निखिल, बी-४०२ (१०:२७)
तिथीवरून भरती कशी काढतात? ॲप बघतो मी.

हेमाताई, ए-१०३ (१०:३०)
तिथीची पाऊणपट. परवा रविवारी दशमी, दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती, दीडच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. शिवाय भांगाचं पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट, ओढ कमी, नवख्याला बरं. भावाला विचारते, येतोस का? त्याच्या होडीवर त्याचं यंत्र आहे. आधी चालवून बघ, मग पैसे घाल. जूनपासून तर ६१ दिवस यांत्रिक होड्या बंदच, आत्ता घेतलंस तरी पावसाळाभर कपाटात.

निखिल, बी-४०२ (१०:३१)
ताई, येतोच! मंजिरी, खर्च शून्य.

मंजिरी, बी-४०२ (१०:३२)
हेमाताई, याला लाइफ जॅकेट घालाल ना? मग माझी हरकत नाही. आणि मावरं मिळालं तर ते साफ करून पाठवा, हा घरी खवल्यांचा सडा घालतो.

रुचा, सी-३०२ (१०:३४)
निखिलदादा, यंत्र घेतलंस की आधी आपल्या जमिनीखालच्या टाकीत ट्राय कर ना. गाळ किती साठलाय तेही कळेल. दोन वर्षांत कुणी टाकी साफ केलेली आठवत नाही.

देशपांडे काका, सी-७०१ (१०:३६)
टाकीत नीट चालणार नाही. चारी भिंतींवरून प्रतिध्वनी येऊन चित्राची खिचडी होईल. पण गाळ मोजायचाच तर हेमाच्या वडिलांसारखं शिसं सोडलं तरी पुरे.

सावंत, सेक्रेटरी (१०:३८)
हा संदेश काढून टाकण्यात आला आहे.

सावंत, सेक्रेटरी (१०:४१)
उद्या सेन्सरसोबत टाकीही साफ होईल. पाणी ११ ते २ ऐवजी ११ ते ५ बंद. हेमाताई, रविवारी होडीत एक जागा असेल तर कळवावे.