९० दिवसांचा दाखला कोण देणार?

सेंट्रिंगवाला: १४ वर्षं सेंट्रिंग करतोय. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, जो मुकादम उचलेल त्याच्यामागे जायचं. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मागच्या साइटवर दोन स्लॅब टाकले, तरी ठेकेदार सही देईना. म्हणे, "उद्या पीएफ मागशील." काय करू?

गवंडीकाका: सोड त्याला. गावातलं काम असेल तर ग्रामसेवक देतो, शहरात महापालिका. मी तसाच काढला, तीन खेपा झाल्या एवढंच.

युनियनवाली ताई: आणि दादा, मंडळाकडून मिळतं ते कुणाचे उपकार नाहीत. १९९६च्या कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर गोळा होतो, मुलांची शिष्यवृत्ती त्यातूनच येते. वय १८ ते ६० हवं. एजंटाला मात्र दमडी देऊ नका.

सेंट्रिंगवाला: साठीला वेळ आहे अजून! माझ्याकडे फक्त हजेरीची वही आहे. बायको रोज रात्री लिहिते, साइट, मुकादम, मजुरी. दोन पानांवर सिमेंटचे डाग आहेत.

युनियनवाली ताई: वहिनींना सलाम! वही म्हणजे दाखला नव्हे, पण सोबत न्याच. तारखा विचारल्या की अडखळायला होत नाही.